पाडव्याचा झेंडू आणि ओहोळकाठचे रान

पाडव्याच्या झेंडूचा हिशेब आपण सगळे उलटा मांडतो. गुढीला फुले हवीत ना, मग साठ दिवस मागे मोजा आणि रोपे लावून मोकळे व्हा. दसऱ्याला हा हिशेब जमतो, कारण त्या लागवडीला थंडी आडवी येत नाही. पाडव्याला तो दगा देतो. निफाड-दिंडोरीकडच्या खोलगट रानात तर जास्तच.

पाडवा येतो तिथीने, थंडी काही तिथी बघून येत नाही. 2026 चा पाडवा 19 मार्चचा, 2027 चा 7 एप्रिलचा. साठ दिवस मागे गेले की पहिल्याची लागवड 18 जानेवारीच्या आसपास पडते, दुसऱ्याची फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात. इतका फरक असताना गावात सल्ला मात्र दरसाल एकच, 'संक्रांत झाली की लावा.' संक्रांतीनंतर दिवस तिळातिळाने वाढत जातो हे खरे, पण थंडी तशी तिळातिळाने कमी होत नाही. ती मागे फिरूनही येते. 2012 साली नाशिकला पारा 2.7 अंशांवर उतरला तो फेब्रुवारीत!

माझीच चूक सांगतो. मागे एका जानेवारीत मी एका शेतकऱ्याला ओहोळकाठच्या पंधरा गुंठ्यांत झेंडू लावायला सांगितला. पाणी जवळ, माती कसदार, दुसरे काय बघायचे? आठव्या दिवशी पहाटे गेलो तर पानांवर दव गोठून पांढरे झालेले. ऊन वर आले तशी रोपे उकडल्यासारखी काळी पडली. दोनशे पावलांवर, वरच्या माळावर त्यांच्या भावाने त्याच ट्रेमधली रोपे लावली होती, ती हिरवीगार. रोपांचे पैसे उधारीवर होते. त्यांनी मला शब्दानेही बोल लावला नाही, पण तेव्हापासून मी आधी रानाचा उतार बघतो, मग तारीख सांगतो.

गार हवा जड असते. वारा पडलेल्या निरभ्र रात्री ती पाण्यासारखी उताराने वाहत खाली येते आणि ओहोळात, उंच बांधाआड, उसाच्या फडाआड तुंबते. शिवाय पेपरात येणारा आकडा जमिनीपासून चारेक फुटांवरच्या पेटीतला असतो. पेटीत चार अंश असले तरी खाली पानावर दव गोठू शकते. झेंडू मुळात मेक्सिकोकडचा, त्याला हे सोसत नाही.

तेव्हा पाडवा लवकर असेल त्या वर्षी खालच्या रानात झेंडूचा हट्ट धरू नका, माळावर लावा. माळाला पाणी नसेल तर त्या साली पाडवा सोडा आणि लग्नसराई धरा. पाडवा उशिरा असेल तर रोपे कामट्यांवर प्लॅस्टिक टाकून वाढवा, दिवसा ते उघडा, आणि कडाका सरल्यावरच बाहेर काढा. लवकर लावून फार साधते असेही नाही. गारठ्यात रोप जागचे हलत नाही, मागून लावलेले त्याला गाठते. लागवड झालेलीच असेल तर थंडीच्या सांजेला हलके पाणी द्या. ओली जमीन दिवसाची ऊब रात्री सोडते. धूर करण्यावर माझा फारसा भरवसा नाही, वाऱ्याची झुळूक आली की तो शेजाऱ्याच्या शेतात जातो.

आता सरपंच आणि पंचायतीतल्या मंडळींना एक विनंती. स्वयंचलित हवामान केंद्र मंडळाला एक, आणि मंडळात गावे किती! कमाल-किमान तापमापी काही फार महाग नसते. एक ओहोळकाठी, एक माळावर लावा आणि डिसेंबर ते फेब्रुवारी रोज सकाळी दोन्ही आकडे पंचायतीच्या फळ्यावर लिहा. आकडे वहीत उतरवायला मी दर सोमवारी येईन.