गोष्ट पंधरापासून सुरू होते!

मुलांनो,

आज आधी एक कोडं. एका गोष्टीचा पहिला अंक आहे पंधरावा. तिथून ती पंचविसापर्यंत जाते. मग पुन्हा १ वर येते आणि १५ वर थांबते. मग एकदम ६३ आणि ६४. मग मागे वळून ४८, ४९, ५०, आणि तिथून सरळ १२५ पर्यंत! गणिताच्या वहीत कुणी असे आकडे लिहिले तर मी लाल शाईने मोठ्ठं प्रश्नचिन्ह काढीन. पण हा क्रम अगदी बरोबर आहे. अमेरिकेतल्या 'आयर्न फिस्ट' या जुन्या चित्रकथेचा हा वाचनक्रम आहे.

आयर्न फिस्ट म्हणजे लोखंडी मूठ. कुंग-फू जाणणारा, हिरव्या पोशाखातला, पिवळा मुखवटा घातलेला वीर. रॉय थॉमस या लेखकाने आणि गिल केन या चित्रकाराने त्याला १९७४ मध्ये जन्माला घातलं. ते दिवस कुंग-फूच्या वेडाचे होते. १९७३ मध्ये ब्रूस ली वारला आणि त्याच वर्षी त्याचा 'एंटर द ड्रॅगन' हा चित्रपट जगभर गाजला. शाळाशाळांतून पोरं हवेत लाथा मारत होती. मग चित्रकथावाले मागे कसे राहतील?

आता कोडं सोडवूया. वर्गात मी नुसतं "हजेरी क्रमांक पंधरा!" म्हटलं, तर कोण उभं राहील? आधी इयत्ता सांगायला हवी, मग तुकडी. चित्रकथांचंही तसंच आहे. नुसता अंकाचा आकडा उपयोगाचा नाही. मालिकेचं नाव, अंक आणि साल, या तिन्ही गोष्टी एकत्र बघायच्या.

मार्व्हल कंपनीची 'मार्व्हल प्रीमियर' नावाची एक मालिका होती. नव्या वीरांची परीक्षा घेण्याची ती जागा! वाचकांना आवडला तर वीर पुढे जाणार, नाहीतर घरी. तिच्या आधीच्या चौदा अंकांत दुसऱ्याच वीरांच्या गोष्टी होत्या. पंधराव्या अंकात, मे १९७४ मध्ये, आयर्न फिस्ट आला. म्हणून त्याची गोष्ट पंधरापासून सुरू होते.

आता क्रम वहीत उतरवून घ्या.

पहिला टप्पा : 'मार्व्हल प्रीमियर', अंक १५ ते २५ (मे १९७४ ते ऑक्टोबर १९७५).

दुसरा टप्पा : 'आयर्न फिस्ट', अंक १ ते १५ (नोव्हेंबर १९७५ ते सप्टेंबर १९७७). गडी परीक्षेत पास झाला, त्याला स्वतःच्या नावाची मालिका मिळाली!

तिसरा टप्पा : 'मार्व्हल टीम-अप', अंक ६३ आणि ६४ (नोव्हेंबर आणि डिसेंबर १९७७). ही खरं तर स्पायडर-मॅनची मालिका. त्यात दर वेळी कुणीतरी पाहुणा येई.

चौथा टप्पा : 'पॉवर मॅन', अंक ४८ आणि ४९ (डिसेंबर १९७७ आणि फेब्रुवारी १९७८).

पाचवा टप्पा : 'पॉवर मॅन अँड आयर्न फिस्ट', अंक ५० ते १२५ (एप्रिल १९७८ ते सप्टेंबर १९८६).

सगळे मिळून अंक किती झाले? ज्यांचं उत्तर १०६ आलं त्यांना शाबासकी. ज्यांचं १०५ आलं, त्यांनी ५० ते १२५ मोजताना ५० वा अंक सोडला. पुन्हा मोजा!

तुम्ही म्हणाल, "बाई, एवढी यातायात कशाला? हाताला लागेल तो अंक उचलावा आणि वाचावा." काही चित्रकथांचं तसं चालतंही. तुमच्या आईबाबांना विचारा. १९६४ साली सुरू झालेली 'इंद्रजाल कॉमिक्स' मराठीतही निघत. त्यांतल्या बऱ्याचशा अंकांत पुरी गोष्ट असे. ढिगातला कुठलाही अंक ओढून सुट्टीच्या दुपारी वाचावा, काही बिघडत नसे. पण आयर्न फिस्टची गोष्ट 'क्रमशः' आहे. तिथे मधलं पान गळलं तर काय हरवतं ते आता बघा.

डॅनी रँड नऊ वर्षांचा आहे. तो आई, बाबा आणि बाबांचा भागीदार हॅरल्ड मीचम यांच्याबरोबर हिमालयात जातो. कुन-लुन नावाचं एक गूढ नगर शोधायला. ते नगर दर दहा वर्षांनी एकदाच आपल्या जगाला भेटतं. वाटेत डॅनीचे बाबा कड्यावरून घसरतात. हात द्यायचा सोडून मीचम त्यांना खाली लोटून देतो. मग लांडगे मागे लागतात आणि मुलाला वाचवण्यासाठी आई स्वतः लांडग्यांपुढे उभी राहते. डॅनी एकटा त्या नगरात पोहोचतो.

तिथे लेई कुंग नावाच्या गुरूजवळ तो दहा वर्षं शिकतो. शेवटी शाऊ-लाओ नावाच्या महासर्पाशी, म्हणजे ड्रॅगनशी झुंजतो. त्याच्या धगधगत्या हृदयात हात घालून लोखंडी मुठीची शक्ती मिळवतो. त्या झुंजीत त्याच्या छातीवर ड्रॅगनच्या आकाराचा डाग उमटतो. कुन-लुनचे लोक त्याला तिथेच राहून अमर होण्याची संधी देतात. डॅनी ती नाकारतो, कारण दहा वर्षं त्याच्या मनात एकच गोष्ट जळत असते. न्यूयॉर्कला जायचं आणि मीचमचा सूड घ्यायचा.

'मार्व्हल प्रीमियर'च्या अठराव्या अंकात तो मीचमसमोर जाऊन उभा राहतो. सापळ्यांनी भरलेली मोठी इमारत पार करून तो आलेला असतो. आणि समोर कोण? बर्फाने दोन्ही पाय गमावलेला, इतकी वर्षं याच क्षणाच्या भीतीत जगलेला एक माणूस. डॅनीची मूठ वर उठत नाही. ज्याला मारायला आलो त्याचं आयुष्य भीतीने आधीच खाऊन टाकलं आहे, हे त्याला दिसतं. तो वळतो. पण त्याच वेळी दुसराच एक जण मीचमला ठार करतो आणि आळ येतो डॅनीवर. मीचमची मुलगी जॉय तिथे पोहोचते आणि बापाच्या मृत्यूबद्दल डॅनीचा द्वेष करू लागते.

बघा हं. ज्याचे बाबा गेले त्याने सूड सोडला, तर तोच राग दुसऱ्या एका मुलीच्या मनात जाऊन बसला. मधल्या सुट्टीत "त्याने आधी मारलं!" "नाही बाई, हिनेच आधी!" हे मी रोज ऐकते. भांडणाची सुरुवात शोधत मागे गेलं तर हाताला काहीच लागत नाही. कुणीतरी एकाने मूठ खाली घ्यावी लागते, आणि ती खाली घेतल्यावरही सगळं लगेच गोड होत नाही. ही गोष्ट तेच सांगते, म्हणून ती मला आवडते.

आता समजा तुम्ही 'आयर्न फिस्ट'च्या अंक १ पासून वाचायला बसलात. तिथे सुरुवातीलाच आयर्न मॅनशी झटापट आहे. मजा वाटेल. पण डॅनीने कोणता राग मागे टाकला आहे हे कळणारच नाही. तो नुसता हाणामारी करणारा हिरवा माणूस वाटेल. म्हणून पंधरावा अंक आधी!

दुसऱ्या टप्प्याचे लेखक ख्रिस क्लेअरमाँट आणि चित्रकार जॉन बर्न. पहिल्या टप्प्यात लेखक आणि चित्रकार सारखे बदलत होते, त्यामुळे तिथे गोष्ट थोडी अडखळते. धीर सोडू नका. क्लेअरमाँट तेविसाव्या अंकापासून आला, बर्न पंचविसाव्यापासून. तिथून गाडी रुळावर येते. मिस्टी नाइट आणि कॉलीन विंग या दोन शूर मैत्रिणी मात्र पहिल्या टप्प्यातच भेटतात. त्या दिवसांत चित्रकथांतल्या मुली बहुतेक वेळा "वाचवा!" म्हणण्यापुरत्याच असत. या दोघी स्वतःच्या बळावर लढतात. मुलींनो, त्यांच्याकडे लक्ष ठेवा.

पंधराव्या अंकाला 'आयर्न फिस्ट' मालिका बंद पडली, पण गोष्ट संपली नव्हती! लेई कुंगचा मुलगा दावोस याला वाटत असतं, की ही शक्ती आपलीच होती. त्याच्याशी असलेला हिशेब बाकी राहिला. मग त्याच लेखक-चित्रकारांनी तो स्पायडर-मॅनच्या घरी जाऊन, ६३ आणि ६४ व्या अंकांत पुरा केला. हे दोन अंक सुटले तर कादंबरीचं शेवटचं प्रकरण फाटल्यासारखं होतं.

चौथ्या टप्प्यात ल्यूक केज भेटतो. तो न्यूयॉर्कच्या हार्लेम वस्तीतला कृष्णवर्णीय तरुण. न केलेल्या गुन्ह्यासाठी तुरुंगात गेलेला. कातडी पोलादासारखी, पण खिसा रिकामा. त्याची मालिका १९७२ मध्ये 'हिरो फॉर हायर' नावाने सुरू झाली, सतराव्या अंकापासून 'पॉवर मॅन' झाली आणि पन्नासाव्यापासून दोघांची. नाव दोनदा बदललं, आकडे मात्र तेच पुढे चालू राहिले. केजच्या माणसांना ओलीस धरून एक गुंड त्याला मिस्टीवर सोडतो. त्यामुळे केज आणि डॅनी आधी एकमेकांशी लढतात आणि मग जिवलग मित्र होतात. एक श्रीमंत गोरा, एक गरीब काळा. आठ वर्षं ही दोस्ती वाचकांनी वाचली. १२५ व्या अंकात काय होतं ते मी सांगणार नाही. रुमाल जवळ ठेवा एवढंच.

आणखी एक गंमत. या गोष्टीत चौकटीतलं निवेदन डॅनीला 'तू' म्हणून हाक मारतं. तू उडी मारतोस, तुझा श्वास थांबतो, अशा धर्तीवर. वाचताना वाटतं, आपल्यालाच कुणीतरी सांगतंय. क्रमाने वाचलं की हा आवाज ओळखीचा होत जातो.

कुठल्याही जुन्या मालिकेचा क्रम स्वतः लावायचा असेल तर दोन खुणा लक्षात ठेवा. चित्राच्या चौकटीत एखाद्या शब्दावर चांदणी असेल तर खाली टीप शोधा. ही घटना कोणत्या मालिकेच्या कोणत्या अंकात घडली ते संपादक तिथे सांगतात. ती टीप म्हणजे पाटीवरचा बाण! दुसरी खूण, मुखपृष्ठावरचा महिना. त्या काळी अंक छापील महिन्याच्या दोन-तीन महिने आधीच दुकानात येत, म्हणजे ते जुने दिसू नयेत. त्यामुळे मे १९७४ चा अंक वाचकांनी मे महिन्याच्या आधीच वाचून संपवला होता.

'डेडली हँड्स ऑफ कुंग फू' या मोठ्या आकाराच्या कृष्णधवल मासिकातही, अंक १९ ते २४ मध्ये, डॅनीची एक सहा भागांची गोष्ट आहे. ती सोडली तरी मुख्य धागा तुटत नाही. मोठे झाल्यावर वाचा.

थोड्या मोठ्या मुलांसाठी एक प्रश्न. कुन-लुन हे नाव कल्पनेतलं नाही. तिबेटच्या उत्तरेला कुनलुन पर्वतरांग खरोखरच आहे, आणि चिनी पुराणकथांत ती देवांची जागा आहे. मग त्या नगरात जन्मलेल्या एवढ्या मुलांना सोडून अमेरिकेतून आलेला मुलगाच सर्वांत श्रेष्ठ का ठरतो? हा प्रश्न नंतरच्या काळात अनेक वाचकांनी विचारला. तुम्हीही विचारा. गोष्ट आवडणं आणि तिला प्रश्न विचारणं, दोन्ही एकाच वेळी करता येतं.

आईबाबांसाठी दोन शब्द : मारामारी आणि मृत्यू या गोष्टीत आहेत, तेव्हा साधारण बारा वर्षांपुढच्या मुलांनाच द्या. इंग्रजी सोपं नाही, पहिले दोन अंक शेजारी बसून वाचलेत तर उत्तम. सुटे जुने अंक शोधत बसू नका. 'आयर्न फिस्ट'चा चौदावा अंक तर संग्राहक भरपूर पैसे देऊन घेतात, कारण पुढे प्रसिद्ध झालेला सेबरटूथ हा खलनायक त्यात पहिल्यांदा आला. पहिले तीन टप्पे, म्हणजे २८ अंक, 'एपिक कलेक्शन' मालिकेतल्या एकाच जाड पुस्तकात क्रमाने छापलेले आहेत. शाळेच्या किंवा गावच्या ग्रंथालयाला एक प्रत मागवायला सांगा. चाळीस मुलं वाचतील.

आता या आठवड्याचं काम. घरात एखाद्या मासिकाचे जुने अंक असतील तर ते महिन्यांप्रमाणे लावा. मधला कोणता अंक गायब आहे ते वहीत लिहा आणि त्यात काय घडलं असेल ते पुढच्या अंकावरून ओळखा. आणि ज्यांना लिहायला आवडतं त्यांनी, ज्याच्यावर फार राग आला होता त्याच्या समोर आपण उभे आहोत, असा प्रसंग 'तू'ने सुरू करून एक पानभर लिहा. मूठ उठली की नाही, ते तुम्ही ठरवा.

पुढच्या आठवड्यात शांग-ची. त्याचीही गोष्ट डिसेंबर १९७३ मध्ये, दुसऱ्याच एका मालिकेच्या पंधराव्या अंकात सुरू झाली आणि सतराव्या अंकापासून मालिकेचं नावच बदललं. तोवर वही-पेन्सिल तयार ठेवा!

तुमची,
बाई