आजीची घागर ही संस्कृती नव्हे काय?

जत तालुक्यातील एका शाळेत मुलांना चित्रकलेचा प्रकल्प दिला गेला. विषय 'माझी संस्कृती'. मनाला भिडलेले एक चित्र काढून आणायचे. माझ्या पुतणीने आजीला, म्हणजे माझ्या आईला विचारले, "आपली संस्कृती कंची गं?" आई म्हणाली, "इहिरीच्या काठाला घागर घिऊन बसायचं. कुणाला दया आली तर लांबनं पाणी वतायचं. ही व्हती बघ आमची संस्कृती!" संविधान लागू होऊन पंधरा वर्षे झाल्यानंतरची ही गोष्ट आहे. दुष्काळी जतमध्ये त्या घागरीची किंमत वेगळी सांगायला नको.

पोरीने चित्र काढले. मागे महाडचे चवदार तळे आणि पुढे स्वतःच्या हाताने घागर भरणारी आजी!

शाळेने ते परत पाठवले. "हे चळवळीचं झालं. संस्कृतीचं काढ. पालखी, गुढी, तुळशीवृंदावन..."

ज्यांची पालखी आहे त्यांनी ती जरूर काढावी. आमचे भांडण त्यांच्या चित्राशी नाही. पण आमच्या पोरीची संस्कृती कोणती, हे ठरवणारे तुम्ही कोण?

२० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. तेव्हा सनातनी मंडळी कोर्टात गेली. अस्पृश्यांना या तळ्यावर बंदी, ही आमची पूर्वापार रूढी आहे, असे त्यांचे म्हणणे. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई हायकोर्टाने निकाल दिला की अशी पुरातन रूढी सिद्धच झालेली नाही! पुढे संविधानाच्या कलम १५(२) ने सार्वजनिक विहिरी-तळ्यांवरची जातीची बंदी मोडीत काढली. कलम २९(१) ने आपली वेगळी संस्कृती जतन करण्याचा हक्क दिला. म्हणजे पोरीचे चित्र कायद्यानेही पक्के आहे.

आणि दर २६ जानेवारीला ही शाळा ज्या तिरंग्याला सलामी देते, त्यावरचे चक्र कुठले? सारनाथच्या अशोकस्तंभाचे! २२ जुलै १९४७ रोजी संविधान सभेने ते स्वीकारले. देशाने बौद्ध वारशातले चिन्ह निवडले की ती संस्कृती आणि आमच्या पोरीने निवडले की चळवळ, हा कुठला न्याय?

बांधवांनो, थोडे आपल्याकडेही पाहू. जयंतीच्या चित्रकला स्पर्धेत आपण मुलांना कॅलेंडरवरचा फोटो गिरवायला लावतो आणि बक्षीस देऊन मोकळे होतो. बाबासाहेबांचा फोटो घराघरात हवाच. पण पोराला एकदा विचारा, "या माणसामुळे आपल्या घरात काय बदललं?" उत्तर त्याला आजी-आजोबांकडे शोधावे लागेल. जे सापडेल तेच त्याचे खरे चित्र!

पुतणीला सांगितले, "रेघसुद्धा बदलू नकोस. फक्त खाली तारीख घाल, २० मार्च १९२७." तिने तेच चित्र पुन्हा नेऊन दिले आहे. प्रदर्शनात ते लागो वा न लागो, आमच्या घराच्या भिंतीवर त्याची जागा ठरली आहे.

जयभीम!