सशाचा फोटो आणि हरभऱ्याचे बिल



रब्बीची थंडी पडली की जठारपेठेतली हौशी मंडळी कॅमेरा घेऊन पहाटेच शिवारात येतात. दव पडलेला हरभरा, तिरपे ऊन आणि धुऱ्यावर कान टवकारून बसलेला ससा. फोटो देखणा येतो, याबद्दल वाद नाही. वाद आहे तो फोटोत न आलेल्या गोष्टीचा.

फोटोत येत नाही ते बुडाशी कापलेले रोप. हरभऱ्याचा शेंडा आपण खुडतो, त्याने फांद्या फुटतात. ससा कोवळे रोप बुडातून कापतो, तिथे काही फुटत नाही. 30 बाय 10 सेंटिमीटरच्या पेऱ्यात लागोपाठ दहा रोपे गेली की मीटरभर तास रिकामे. शहराला ससा गोड वाटतो. त्याचा चारा कोण पुरवतो, हे कोणी विचारत नाही. 1972 च्या वन्यजीव कायद्याने त्याची शिकार गुन्हा ठरवली. ठीक आहे, आम्हालाही त्याला मारायचे नाही. पण राखण आमच्या माथी, पीक आमचे आणि भरपाईची चर्चा मात्र रोही-रानडुकरापुढे सरकत नाही. ससा सगळ्यांना हवा असेल तर त्याच्या चाऱ्याचे बिलही सगळ्यांनी भरावे.

नोव्हेंबर 2025 मध्ये केंद्र सरकारने जाहीर केले की खरीप 2026 पासून वन्यप्राण्यांनी केलेले नुकसान पीक विम्यात घेणार. कोणते प्राणी धरायचे ते राज्याने ठरवायचे आणि शेतकऱ्याने 72 तासांत ॲपवर, जागेची नोंद असलेल्या फोटोसह कळवायचे. म्हणजे आता कॅमेरा आपल्याही कामाचा झाला.

तेव्हा फोटो काढायला शिका. वेळ सकाळचीच धरा. दुपारचे ऊन डोक्यावर असते, त्यात सगळे सपाट दिसते. सकाळच्या तिरप्या उन्हात कापलेली कड आणि मातीतला पायाचा ठसा उठून दिसतो. पहिला फोटो विहीर किंवा झाड दिसेल असा, पूर्ण वावराचा. दुसरा रिकाम्या तासाचा, शेजारी टेप ठेवून. तिसरा कापलेल्या रोपाचा, जवळून. सशाला वर-खाली धारदार दात असतात, म्हणून काप चाकूने दिल्यासारखा तिरपा आणि स्वच्छ येतो. रोही, हरणाला वरच्या जबड्यात पुढचे दात नसतात. ते ओढून तोडतात, कड फाटकी राहते. रानडुक्कर तर जमीनच उकरते. गोल, चपट्या लेंड्या दिसल्या तर त्यांचाही फोटो घ्या.

ससा दिसला तर धुऱ्यावरूनच टिपा. त्याच्या मागे धावू नका, फास तर मुळीच लावू नका. तो बिळात राहत नाही. त्याची पिले उघड्यावर, गवतात दबून असतात. आई सोडून गेली असे समजून ती उचलू नका.

शहरातल्या मित्रांनाही सांगणे आहे. मालकाला विचारून या, उभ्या पिकात शिरू नका आणि सशाबरोबर कापलेल्या तासाचाही एक फोटो काढून गाव व तारखेसह आम्हाला द्या. तुमचे आमचे भांडण नाही. तुमचा फोटो आमचा पुरावा होऊ शकतो.

पुढच्या जिल्हा बैठकीला प्रत्येक गावाने आपले फोटो आणावेत. राज्याच्या यादीत ससा घ्या, ही मागणी नुसत्या तोंडाने नको, पुराव्यानिशी मांडू.