काठीच्या डोंगरात बारा महिने

तळोदा, अक्कलकुवा, शहादा येथील पेढ्यांवर सातपुडा दरवर्षी पोत्यांत भरून उतरतो. चैत्रात मोहाची फुले, वैशाखात आमचूर, पावसाळा सरल्यावर भगर. तराजूवर वजन होते, भाव ठरतो, वहीत नोंद पडते. ज्या डोंगरातून हा माल येतो, तो डोंगर मात्र यांपैकी किती कुटुंबांनी पाहिला असेल? सुटी लागली की महाबळेश्वर किंवा माउंट अबू ठरलेले. दाराशी असलेल्या काठीचे नाव सहसा निघत नाही.

अक्कलकुव्याहून देवगोई घाट चढला की मोलगी आणि तेथून जवळच काठी. परदेशातील पर्वतीय उद्यानांसारखे येथे प्रवेशद्वार नाही, तिकीटघर नाही. हे रान भिल्ल आणि पावरा कुटुंबांचे घर आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याने त्या नात्याला कायदेशीर मान्यताही दिली. म्हणूनच येथे जाणारा पर्यटक नसतो, पाहुणा असतो.

काठी ओळखली जाते ती राजवाडी होळीसाठी. ही परंपरा शेकडो वर्षांची सांगितली जाते. उंच बांबू मधोमध उभारून रात्रभर ढोलांच्या तालावर नृत्य चालते आणि होळी पेटते ती पहाटे. अंगावर पांढरे ठिपके, कमरेला घुंगरू आणि वाळलेले भोपळे, डोक्यावर मोरपिसांचे टोप घातलेले नर्तक छायाचित्रांत सर्वांनी पाहिलेले असतात. छायाचित्रात न दिसणारी गोष्ट अशी की, यांतील अनेकांनी त्याआधी काही दिवस व्रत पाळलेले असते: जमिनीवर निजणे, अनवाणी चालणे, ब्रह्मचर्य. व्रतनियमांत वाढलेल्या घरांना याचा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागणार नाही. तरीही व्रतस्थ माणसाला हाताला धरून कॅमेऱ्यापुढे उभे करणारे दरवर्षी भेटतात, आणि त्यांत शिकलेलेच अधिक असतात!

होळी हा एक दिवस. डोंगर बारा महिने आहे. मार्ग रुळलेला हवा असेल त्यांनी शहाद्याहून तोरणमाळला जावे. तेथे यशवंत तलाव आहे, सीताखाईचा कडा आहे, महाशिवरात्रीला गोरखनाथांची मोठी यात्रा भरते. अस्तंब्याच्या शिखरावर दिवाळीच्या दिवसांत अश्वत्थाम्याची यात्रा असते. ती चढण मात्र गुडघ्यांचा हिशेब चुकता करून घेते. कार्तिक पौर्णिमेनंतरचे दिवस कुटुंबासाठी सर्वांत उत्तम. मोलगीजवळच्या डाब परिसरात कडाक्याच्या थंडीत पहाटेचे दव गोठून गवतावर पांढरा थर दिसतो. पावसाळ्यात धबधबे सुंदर खरे, परंतु घाटात दरड आणि धुके दोन्ही असतात. तेव्हा अंधारात गाडी घालू नये. मुक्कामाची आणि खाण्याची सोय वर मर्यादित आहे. सूर्यास्तापूर्वी जेवणाऱ्यांनी शिदोरी आणि उकळलेले पाणी घरूनच न्यावे, आणि रिकामी वेष्टने त्याच पिशवीतून परत आणावीत. येथे कचरागाडी येत नाही.

तरीही व्यापारी घरातील मुलांनी एकदा तरी जावे ते वैशाखात. ऊन कठोर असते, पण आमचूर कसे होते ते तेव्हाच दिसते. बायका-मुले पहाटेपासून कैऱ्या वेचतात, एकेक सोलतात, चिरतात आणि फोडी खडकांवर वाळत घालतात. अवकाळी पावसाची एक सर आली की फोडी काळवंडतात. काळवंडलेल्या मालाला पेढीवर भाव कमी. ओल्या कैरीचे वजन उन्हात किती उडून जाते, हे तेथे हातात घेऊन कळते. मोलगीच्या बाजारात हेच आमचूर विकायला बसलेल्या बाईशी दोन रुपयांसाठी घासाघीस करण्यापूर्वी मुलाने तो खडक पाहिलेला असावा.