डाग कोणाच्या हाताला?

"तो तसा नव्हता हो, बायकोने भरीस घातले म्हणून झाले." हे वाक्य आपल्यापैकी प्रत्येकीने कधी ना कधी ऐकलेले आहे. भावाभावांतले वाटणीचे भांडण असो, लाच घेताना सापडलेला अधिकारी असो, की रातोरात पक्ष बदललेला पुढारी असो. कृत्य पुरुषाचे असले तरी त्यामागची हाव बाईची, असे धरूनच बोलणे सुरू होते. ह्या समजुतीला जगातल्या एका फार मोठ्या नाटकाने रूप दिले आहे. शेक्सपिअरचे 'मॅकबेथ'. ह्या अंकात आपण स्त्रिया आणि सत्ता ह्या विषयावर बोलतो आहोत, म्हणून सुरुवात ह्या नाटकापासून करते.

कथानक बहुतेकींना माहीत असेल. लढाई जिंकून परतणाऱ्या मॅकबेथ ह्या स्कॉटिश सरदाराला तीन चेटकिणी सांगतात की तू राजा होशील. तो बायकोला पत्राने हे कळवतो. राजा डंकन त्यांच्या घरी पाहुणा म्हणून येतो. नवरा कचरतो, बायको त्याला टोचून बोलते, आणि झोपलेल्या राजाचा खून होतो. मॅकबेथ गादीवर बसतो, खुनामागून खून करत जातो आणि शेवटी मारला जातो. त्याआधीच राणी झोपेत चालू लागलेली असते, हातावरचे कोणालाही न दिसणारे रक्त चोळत राहते, आणि मरते. १६०६ च्या सुमारास लिहिलेले हे नाटक १६२३ मध्ये प्रथम छापले गेले. मराठीत शि. म. परांजप्यांनी ते 'मानाजीराव' म्हणून आणले, वि. वा. शिरवाडकरांनी 'राजमुकुट' म्हणून. १९५४ च्या 'राजमुकुट'मध्ये राणीचे काम दुर्गाबाई खोटे यांनी केले होते. म्हणजे ही बाई आपल्याला परकी नाही.

आता पहिला प्रश्न. खुनाचा विचार प्रथम कोणाच्या मनात आला? लोकांना विचारले तर दहांतले नऊजण 'बायकोच्या' असे सांगतील. नाटक उघडून पाहा. चेटकिणींचे भाकीत ऐकताक्षणी, बायकोची भेट होण्यापूर्वीच, मॅकबेथच्या डोळ्यांपुढे खून उभा राहतो आणि तो स्वतःच दचकतो. पुढे राजाने आपल्या मुलाला वारस म्हणून जाहीर केल्यावर तो ताऱ्यांना विनवतो की माझ्या मनातली काळी इच्छा कोणाला दिसू देऊ नका. नंतर बायको त्याला बोलते ते हेच, की ही गोष्ट तूच माझ्यापाशी काढलीस आणि आता मागे कसा सरतोस? तिने चिथावले हे खरे, पण आग तिने लावली नाही. आधीच पेटलेल्या चुलीत तिने लाकूड सारले.

मॅकबेथचा धंदाही लक्षात घ्यायला हवा. नाटकाच्या आरंभीच एक जखमी शिपाई राजाला सांगतो की मॅकबेथने शत्रूला बेंबीपासून जबड्यापर्यंत उभा चिरला आणि त्याचे मुंडके तटावर लावले. राजा त्याला शाबासकी देतो, बढती देतो. राजासाठी केले की पराक्रम, स्वतःसाठी केले की पाप. हात तेच, तलवार तीच. पुरुषाच्या महत्त्वाकांक्षेला अशी एक राजमान्य वाट असते. त्या वाटेवर तो किती रक्त सांडतो हे कोणी मोजत नाही.

तिला मात्र कोणतीच वाट नाही. लढाई नाही, पद नाही, दरबारात जागा नाही. जे मिळवायचे ते नवऱ्याच्या हातूनच. म्हणून ती अदृश्य शक्तींना साकडे घालते की माझे बाईपण काढून घ्या, माझ्या दुधाचे विष करा. हा प्रसंग ती किती 'अस्वाभाविक' होती ह्याचा पुरावा म्हणून शिकवला जातो. मी तो वेगळा वाचते. निश्चयाला तिच्या समाजात एकच नाव आहे, पुरुषपण. म्हणून ठाम व्हायचे तर आधी बाईपण टाकले पाहिजे असे तिला वाटते. नवऱ्यालाही ती मर्दपणावरूनच डिवचते, कारण त्याच्यावर चालणारे तेवढे एकच हत्यार तिच्यापाशी आहे. पुढे मारेकऱ्यांना बँकोवर घालताना मॅकबेथ हेच हत्यार वापरतो. तुम्ही पुरुष म्हणवता ना, मग दाखवा. पण त्याचे बोलणे कोणाच्या ध्यानात राहत नाही आणि तिचे शाळेच्या पुस्तकात येते.

ही बाई इतिहासात होऊन गेली. तिचे नाव ग्रुओख. नाटकात तिला स्वतःचे नावही नाही, ती फक्त मॅकबेथची बायको आहे. खरी ग्रुओख स्कॉटलंडच्या राजवंशात जन्मली होती. तिच्या पहिल्या नवऱ्याला १०३२ साली पन्नास माणसांसह जाळून मारण्यात आले. तिला एक मुलगा होता, लुलाख. पुढे तिने मॅकबेथशी लग्न केले. १०४० साली डंकन मेला तो अंथरुणात नव्हे, लढाईत; आणि मॅकबेथने त्यानंतर सतरा वर्षे राज्य केले. ग्रुओखचा उल्लेख एका मठाला दिलेल्या जमिनीच्या दानपत्रात राणी म्हणून येतो. नाव, वंश, मुलगा, गादीशी असलेले रक्ताचे नाते असे सारे असलेली ही स्त्री नाटकात येईपर्यंत तिच्यापाशी फक्त हाव उरते. शेक्सपिअरने ज्या होलिनशेडच्या बखरीचा आधार घेतला तिच्यात ह्या बायकोबद्दल जेमतेम एक वाक्य आहे, आणि तेही तिच्या हावेबद्दलच.

काळही तसाच होता. नाटक लिहिले गेले तेव्हा गादीवर असलेल्या जेम्स राजाने स्वतः चेटूकविद्येवर ग्रंथ लिहिला होता. १५९० नंतर स्कॉटलंडमध्ये चाललेल्या चेटकिणींच्या खटल्यांत त्याने जातीने बायकांची चौकशी केली होती. तिथला चेटूकविरोधी कायदा १५६३ पासून १७३६ पर्यंत चालला. त्याखाली सुमारे चार हजार माणसांवर आरोप झाले, अडीच हजारांहून अधिक मारली गेली, आणि त्यांत मोठा भाग बायकांचा होता. ८ मार्च २०२२ रोजी, महिला दिनी, स्कॉटलंडच्या तेव्हाच्या प्रथम मंत्री निकोला स्टर्जन यांनी त्याबद्दल त्यांच्या संसदेत माफी मागितली. रंगमंचावरच्या तीन चेटकिणी पाहताना हे आठवावे.

आता अपराधाच्या भावनेकडे येऊ. खून दोघांचा, पण ती भावना दोघांच्या वाट्याला सारखी येत नाही. मॅकबेथला बोलायला मिळते. भर रंगमंचावर, प्रेक्षकांकडे तोंड करून, उत्तम काव्यात तो आपली तडफड सांगतो आणि आपल्याला त्याची कीव येते. तिला मात्र हळूहळू बाजूला सारले जाते. नवऱ्याची भेट हवी तर तिला नोकराकरवी निरोप पाठवावा लागतो. बँकोला मारायचा बेत तो तिला सांगत नाही, तुला माहीत नसलेलेच बरे असे लाडाने म्हणतो. सत्ता मिळाली आणि कटातली भागीदारीण पुन्हा घरची बायको झाली! मनातले बोलायला तिला शेवटी झोपच उरते. तेही काव्यात नाही, तुटक गद्यात. आणि ते चोरून ऐकायला एक वैद्य आणि एक दासी. तिचे मरणही आपल्याला दिसत नाही. आतून फक्त बायकांचा आक्रोश ऐकू येतो.

शेक्सपिअरच्या काळी हे काम मुलगे करत. इंग्लंडच्या रंगभूमीवर स्त्रिया आल्या त्या १६६० नंतर. १७८५ साली लंडनमध्ये सारा सिडन्स हे काम करायला उभ्या राहिल्या तेव्हा झोपेच्या प्रवेशात त्यांनी हातातली मेणबत्ती खाली ठेवली. आधीच्या नटीने ती कधी ठेवली नव्हती, म्हणून नाटकमंडळीच्या चालकांनी हरकत घेतली. सिडन्सबाईंचे म्हणणे साधे होते. हात धुवायचे तर दोन्ही हात मोकळे हवेत. हात धुणे बाईला शिकवावे लागत नाही!

पण मैत्रिणींनो, म्हणून तिला आपली नायिका करायची का? माझे उत्तर नाही असे आहे. तिने पहारेकऱ्यांच्या पेयात गुंगीचे औषध घातले. झोपलेल्या त्या दोन गरीब माणसांच्या अंगाला तिने राजाचे रक्त फासले, खुनाचा आळ त्यांच्यावर आला, आणि सकाळी मॅकबेथने त्यांना कापून काढले. त्या दोघांना नावे नाहीत. त्यांच्यासाठी कोणी रडत नाही, टीकाकारही नाहीत. वरच्या वर्गाच्या बाईची कुचंबणा मांडताना तिच्या पायाखाली कोण आले हे न पाहणारा स्त्रीवाद आपल्याला नको आहे.

तरी एक गोष्ट तिच्या बाजूने नोंदवते. मॅकबेथने सरदार मॅकडफच्या बायकोला आणि मुलांना घरात घुसून मारवले. त्या बाईचे नाव तो पुन्हा घेत नाही. तिची आठवण काढते ती झोपेत चालणारी राणी. त्या सरदाराला एक बायको होती, ती आता कुठे आहे, असे ती विचारते. हे रक्त तिने सांडलेले नाही. पण आपण ज्या वाटेवर पहिले पाऊल टाकले ती कुठवर गेली हे तिला कळते. ह्याला मी खरी अपराधाची जाणीव म्हणते.

मला जे सांगायचे आहे ते इथेच आहे. इच्छा धरल्याबद्दलचा अपराधीपणा आणि कृत्याबद्दलची जबाबदारी ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नाटक त्यांची गाठ मारते, आणि समाज ती गाठ बायकांच्या पदराला बांधतो. राजाला मारले हे पाप होते. राणी व्हावेसे वाटले हे पाप नव्हते. पण आपल्याला शिकवले जाते ते असे, की बाईला काही हवेसे वाटले की पुढे रक्तच सांडणार.

आपल्याकडे आनंदीबाईंचे काय झाले ते पाहा. १७७३ साली नारायणराव पेशव्यांचा खून झाला. रामशास्त्र्यांनी देहान्त प्रायश्चित्त सांगितले ते राघोबादादांना. पण लोकांच्या तोंडी राहिला तो 'ध चा मा', आणि तो आनंदीबाईंच्या नावावर. निवाडा एकाचा, बदनामी दुसरीची.

आणि आज? पंचायतींत १९९३ पासून बायकांसाठी एक तृतीयांश जागा राखीव झाल्या, महाराष्ट्रात २०११ मध्ये निम्म्या झाल्या. तरी उभी राहणारी बाई पहिले वाक्य म्हणते ते "मला पदाचा मोह नाही". आपल्या संघटनांतही तेच. सचिवपदासाठी नाव सुचवा म्हटले की सगळ्या खाली बघतात. जी स्वतःहून हात वर करते तिच्याबद्दल चहाच्या वेळी कुजबुज होते. "मला हे पद हवे आहे, मी ते सांभाळू शकते" असे म्हणणारीला आपणच महत्त्वाकांक्षी म्हणतो, आणि तो शब्द शिवीसारखा उच्चारतो. परिणाम असा होतो की इच्छा मरत नाही, ती आडमार्गाने जाते. कोणाच्या तरी मागे उभे राहून, कोणाच्या तरी कानाला लागून. उघड मागायची सोय नसते तिथेच कट शिजतात, हे तर ह्या नाटकाइतके स्पष्ट कोणीच सांगितलेले नाही.

तेव्हा माझा आग्रह दोन गोष्टींचा आहे. हवे ते उघड मागू या, आणि मागणारीला मान देऊ या. आणि पद मिळाल्यावर तिने काय केले, कोणाच्या अंगाला रक्त फासले, ह्याचा जाब तिला न कचरता विचारू या. बाई म्हणून सूट नको, बाई म्हणून जादा शिक्षाही नको.

तुमच्या गटात 'मॅकबेथ' किंवा 'राजमुकुट' वाचून पाहा. निदान झोपेचा प्रवेश तरी मोठ्याने वाचा, आणि वाचून झाल्यावर एकमेकींना विचारा की तुला काय हवे आहे. जी उत्तरे येतील ती आम्हाला लिहून पाठवा. पुढच्या अंकात त्यांच्यासाठी जागा ठेवली आहे.