पास आहे का?

नाटक आहे म्हटलं की आपल्या नाशकात पहिला प्रश्न काय येतो, माहितीये? ‘कुठलं?’ हा नाही. ‘कोण आहे त्यात?’ हाही नाही. पहिला प्रश्न असतो, ‘पास आहे का?’

मीही विचारलाय. कॉलेजची तीन वर्षं मी एकही तिकीट स्वतःच्या पैशानं काढलं नव्हतं, सिनेमा सोडून. आणि हीच मी कट्ट्यावर बसून ‘यार, नाशकात काही होतच नाही, पुण्याला मजा आहे’ असं म्हणायचे. तुम्हीही म्हणत असाल. म्हणून हे लिहितेय.

गेल्या हिवाळ्यात राज्य नाट्य स्पर्धेच्या प्राथमिक फेरीला मला बातमीसाठी पाठवलं. काम सोपं होतं. प्रयोग बघायचा, दीडशे शब्द लिहायचे, एक फोटो द्यायचा. तिसरी घंटा झाली, पडदा उघडला आणि मी मागं वळून पाहिलं. पुढच्या तीन-चार रांगा सोडल्या तर नाट्यगृह रिकामं. जे बसले होते त्यांच्यात परीक्षक, कलाकारांचे आई-बाबा आणि दुसऱ्या दिवशी ज्यांचा प्रयोग होता ती मंडळी. माझ्या वयाचं कुणी होतं का? होतं ना. स्टेजवर होतं, विंगेत होतं, लाइट्सवर होतं. खुर्चीत कुणी नव्हतं. आणि तिकीट? मिसळीच्या एका प्लेटपेक्षा स्वस्त.

मध्यंतरात फोन उघडला. वर्गातल्या एका मैत्रिणीची स्टोरी होती. द्राक्षबाग, मावळतीचा सूर्य, हातात ग्लास. वर लिहिलेलं, ‘नाशकात करण्यासारखं एवढंच आहे.’

मला राग नाही आला, हसू आलं. कारण सहा महिन्यांपूर्वी ती स्टोरी माझीही असू शकली असती.

आता वाइनवर घसरायचा माझा विचार नाही. १९९९ मध्ये सुला सुरू झाली, पाठोपाठ बाकीच्या वायनरी आल्या आणि आपलं गाव देशाच्या नकाशावर ‘वाइन कॅपिटल’ म्हणून चमकायला लागलं. २००८ पासून वायनरीतल्या खुल्या रंगमंचावर सुलाफेस्ट व्हायला लागलं. एरवी जे बँड ऐकायला मुंबई गाठावी लागली असती, ते इथे वाजले. चांगलंच झालं की. पण त्या गर्दीत मुंबई-पुण्याच्या गाड्या किती आणि आपल्या कॉलेजच्या टू-व्हीलर किती, हे पार्किंगमध्येच कळतं. त्या तिकिटाला आपला पॉकेटमनी पुरत नाही. ज्यांचं वय अजून बसत नाही त्यांचा तर ग्लासाशीही संबंध नाही. म्हणजे ज्या मजेला आपण ‘नाशिकची मजा’ म्हणतो, ती बरीचशी पाहुण्यांसाठी मांडलेली आहे. आपण तिथे आपल्याच गावात पर्यटक असतो.

आणि जे आपलं आहे, ते आपण एमसीक्यूसारखं पाठ करून ठेवलंय. ‘नटसम्राट’ कुणाचं? कुसुमाग्रज, नाशिक. ‘रायगडाला जेव्हा जाग येते’ कुणाचं? वसंत कानेटकर, नाशिक, इथल्याच एचपीटीत प्राध्यापक. १९१३ चा ‘राजा हरिश्चंद्र’? दादासाहेब फाळके, जन्म त्र्यंबकचा, आणि त्या सिनेमानंतर बिऱ्हाड हलवलं तेही नाशकातच. सार्वजनिक वाचनालय? १८४० पासून. गुण मिळाले, विषय संपला. पांडवलेणीच्या पायथ्याशी फाळके स्मारक आहे, तिथे आपण शाळेच्या सहलीत जाऊन डबा खाल्लाय. बस्स. परंपरेचा अभिमान फुकट असतो, म्हणून तो सगळ्यांकडे असतो.

त्या प्रयोगानंतर मी जरा हट्टानं फिरायला लागले. सुरुवात गोदाघाटापासून केली, कारण तिथे तिकीटच नाही. रविवारी सकाळी लवकर जा. नारोशंकराच्या देवळासमोर, रामकुंडाच्या आसपास कुणी ना कुणी चित्रकार बोर्ड मांडीवर घेऊन बसलेला सापडतो. जलरंगातलं निसर्गचित्र हा नाशिकच्या चित्रकारांचा जुना नाद आहे. शिवाजी तुपे यांच्यापासून प्रफुल्ल सावंत, राजेश सावंत यांच्यापर्यंत. घाटावर बसणारे सगळे नावाजलेले नसतात. कुणी चित्रकला महाविद्यालयातला विद्यार्थी असतो, कुणी रिटायर झालेले काका.

मी अशाच एका काकांच्या मागे अर्धा तास उभी होते. देऊळ काळ्या दगडाचं, पण त्यांच्या पॅलेटमध्ये काळा रंगच नव्हता. शेवटी विचारलं, ‘काका, काळा कुठेय?’ ते म्हणाले, ‘काळा लावला की दगड मरतो, बेटा.’ मग अल्ट्रामरीन निळ्यात बर्न्ट सिएना मिसळून त्यांनी तो दगड उभा केला, आणि खरंच, सकाळच्या उन्हात तो दगड निळसर-तपकिरीच दिसत होता. मी त्या देवळासमोरून हजारदा गाडी काढलीये. त्यांनीच सांगितलं की थंडीत कागद लवकर वाळत नाही, म्हणून आकाश रंगवायला निवांत वेळ मिळतो. मे महिन्यात मात्र एका दमात आकाश उरकावं लागतं. हे ऐकायला पैसे पडले नाहीत. मागे उभं राहून नुसतं बघायचं असतं, आणि फोन खिशात ठेवायचा असतो.

मग वैशाखात एका मैत्रिणीच्या गावी गेले, हरसूलच्या बाजूला. गंगापूर रोडनं गिरणारेपर्यंत द्राक्षबागा साथ देतात, मग त्या मागे पडतात आणि डोंगर लागतो. तिथे बोहाडा होता. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते, आदिवासी पाड्यांमधला हा मुखवट्यांचा उत्सव. देवादिकांची, राक्षसांची सोंगं रात्रभर नाचतात, संबळ वाजत असतो आणि अख्खं गाव जागं असतं. काही गावांत सोंग नाचवण्याचा मान लिलावात बोली लावून घ्यावा लागतो. नीट वाचा. तिथे माणूस कला सादर करण्यासाठी स्वतःचे पैसे मोजतो! आणि बघणारे? आजीपासून कडेवरच्या पोरापर्यंत सगळे रस्त्याच्या दोन्ही बाजूंना मांडी घालून. मुखवट्याच्या आत आपल्याच गल्लीतला कोण आहे हे सगळ्यांना माहीत असतं, तरी नृसिंह आला की पोरं दचकून आईला बिलगतात.

पहाटे तीनच्या सुमारास मला त्या रिकाम्या खुर्च्या आठवल्या. त्या पाड्यावर कुणी कुणाला ‘पास आहे का’ विचारलं नव्हतं. कार्यक्रम त्यांचा होता, म्हणून ते आले होते. (तुम्हीही जा, पण कुणाच्या तरी ओळखीनं, पाहुण्यासारखे जा. सोंगाच्या तोंडावर फ्लॅश मारणारी दोन पोरं मी तिथेही पाहिली. शहरातलीच होती.)

आता तुम्ही म्हणाल, नाटक बोअर झालं तर? होतं की. स्पर्धेतले काही प्रयोग इतके रटाळ असतात की मध्यंतरानंतर आत जायला पाय उचलत नाही. संवाद मागे पोहोचत नाहीत, लाइट उशिरा येतो, कुणी तरी प्रतीकात्मक म्हणून अर्धा तास नुसतं चालत राहतं. पण ओटीटीवर तीन एपिसोड बोअर झाले तरी आपण चौथा लावतोच ना? ‘पुढे पकड घेईल’ म्हणून. आपल्याच वर्गातल्या पोरांना एवढी सूट द्यायला काय हरकत आहे?

आणि पैशाचं म्हणाल तर या पोरांचं गणित ऐका. हौशी ग्रुपमध्ये कुणाला मानधन नसतं. वर्गणी काढायची, कुणाच्या तरी गॅरेजात तालमी करायच्या, जुन्या फ्लेक्सच्या चौकटी मागून आणून सेट उभा करायचा आणि प्रयोगाच्या दिवशी टेम्पोचं भाडं कोण देणार यावर भांडायचं. तुमच्या एका तिकिटानं त्यांचा टेम्पो सुटणार नाही, हे मलाही कळतं. पण भरलेल्या चार रांगा आणि भरलेल्या दहा रांगा यांच्यात स्टेजवरच्या माणसाला काय फरक पडतो, हे त्यांना विचारून बघा. विनोदावर हसायला माणसं लागतात. रिकाम्या खुर्चीला टायमिंग कळत नाही. हे असंच चाललं तर यातली बरी पोरं दोन-तीन वर्षांत मुंबईची गाडी धरतील, बाकीची नोकरीला लागतील, आणि आपण पुन्हा कट्ट्यावर बसून म्हणू, नाशकात काही होतच नाही.

त्या दिवशीचा प्रयोग, खरं सांगायचं तर, मध्यमच होता. पण दुसऱ्या अंकात एक प्रसंग होता. मुलगी बापाच्या शर्टाचं बटण शिवत असते आणि दोघंही एक शब्द बोलत नाहीत. मी लिहून घ्यायचं विसरले. प्रयोग संपल्यावर मागे गेले. ती मुलगी मेकअप पुसत होती, सेकंड इयर बीकॉमची. म्हटलं, ‘तुझा बटणाचा सीन भारी होता.’

ती थांबली. ‘कुठला? म्हणजे... तुला नक्की कुठे आवडलं?’

मग टेम्पोत सेट भरून होईपर्यंत आम्ही त्या बटणावरच बोलत होतो. निघताना तिनं विचारलं, ‘तू कुणाची पाहुणी? पास कुणी दिला?’

म्हटलं, आज बातमीसाठी आलेय. उद्याचं तिकीट मात्र आत्ताच काढून ठेवलंय.