लग्नाची जुनी सीडी नव्या सॉफ्टवेअरमध्ये उघडत नाही? फेकू नका, फाइल बहुधा शाबूत आहे

नशिराबाद असो, असोदा असो की भुसावळ, लग्नसराई आली की एक काम हमखास निघतं. आईवडिलांच्या लग्नाला वीस-पंचवीस वर्षं झालेली असतात आणि मुलाला त्या लग्नाच्या सीडीतून दोन मिनिटांचा व्हिडिओ करायचा असतो. कपाटातून सीडी निघते. लॅपटॉपला सीडी ड्राइव्ह नसतो, तो कुणाकडून तरी मागून आणला जातो. फाइल कॉपी होते आणि एडिटिंग सॉफ्टवेअर सांगतं की, ही फाइल चालत नाही किंवा खराब झालेली आहे. घरात निकाल लागतो, ‘सीडी गेली’.

बहुतेक वेळा ती गेलेली नसते. खान्देशातल्या कित्येक घरांत अजूनही मोडीतली खरेदीखतं सापडतात. कागद धड असतो, शाईही दिसते, फक्त ती वाचणारा घरात उरलेला नसतो. जुन्या व्हिडिओचं नेमकं हेच झालं आहे. फाइल जागेवर आहे, पण नव्या सॉफ्टवेअरने ती लिपी वाचणं सोडून दिलं आहे.

डबा एक, आतला पदार्थ दुसरा

फाइलच्या नावामागचं एव्हीआय, एमओव्ही किंवा एमपी४ हे फक्त डब्याचं नाव असतं. आत चित्र आणि आवाज कोणत्या पद्धतीने दाबून भरले आहेत, ते कोडेक ठरवतं. एकाच एव्हीआय डब्यात डीव्ही असू शकतं, इंडिओ असू शकतं, डिव्हएक्स असू शकतं. म्हणून ‘माझी दुसरी एव्हीआय उघडते, मग हीच का नाही?’ या प्रश्नाला अर्थ उरत नाही. नाव बदलून डॅटचं एमपीजी केलं की फाइल चालते, हा उपायही अर्धाच. प्लेअरमध्ये कधी चालून जातं, एडिटिंगमध्ये बहुधा अडतं. डब्यावरची चिठ्ठी बदलल्याने आतल्या तुरीच्या डाळीचे हरभरे होत नाहीत.

मग व्हीएलसीमध्ये तीच फाइल कशी चालते? कारण व्हीएलसी जुन्या लिप्या वाचणारी माणसं स्वतःच्या पदरी बाळगतं. इनशॉट, काइनमास्टरसारखी मोबाइलवरची ॲप मात्र मुख्यतः फोनच्या चिपवर आणि अँड्रॉइडवर अवलंबून असतात. त्यांना एच.२६४ आणि एचईव्हीसी चांगलं समजतं, २००४ सालच्या लग्नाचं डीव्ही समजत नाही.

वाचणारे कधी गेले?

हे एका रात्रीत झालेलं नाही. ॲपलने विंडोजवरच्या क्विकटाइमची साथ २०१६ मध्ये सोडली. अॅडोबीने २०१८ मध्ये प्रीमिअर प्रोमधून क्विकटाइम ७ च्या काळातले जुने प्रकार काढले. २०१९ मध्ये मॅकओएस कॅटालिना आलं आणि त्याबरोबर मॅकवरही त्या जुन्या कोडेकांची सोय संपली. घरोघरी वापरलं जाणारं विंडोज मूव्ही मेकर मायक्रोसॉफ्टने जानेवारी २०१७ मध्ये बंद केलं.

कंपन्यांची कारणं खोटी नाहीत. जुन्या कोडेकांमध्ये सुरक्षेच्या फटी असतात, काहींचे परवाने विकत घ्यावे लागतात, आणि ते सांभाळायला माणसं लागतात. पण एक गोष्ट माफ करण्यासारखी नाही: चुकीचा संदेश. ‘फाइल खराब आहे’ आणि ‘मला ही फाइल वाचता येत नाही’ ही दोन वेगळी वाक्यं आहेत. अनेक सॉफ्टवेअर ती एकाच ओळीत ‘किंवा’ घालून सांगतात. आत कोणता कोडेक आहे हे सॉफ्टवेअरला पुष्कळदा कळलेलं असतं, ते नाव पडद्यावर लिहायला काही खर्च नाही. ते लिहिलं जात नाही, आणि वाचणारा माणूस त्यातला वाईट अर्थ घेऊन सीडी भंगारात देतो.

त्या सीडीत काय असतं, हेही बघायला हवं. हळदीला बायकांनी म्हटलेली लेवा बोलीतली किंवा अहिराणीतली गाणी, आता हयात नसलेल्या आजीचा आवाज, धाब्याची घरं, जुनी गल्ली. नशिराबादहून जवळच असलेल्या असोद्याच्या बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हतं. सोपानदेवांनी आणि घरच्यांनी ती गाणी ऐकून कागदावर उतरवली, म्हणून १९५२ मध्ये त्यांचं पुस्तक निघू शकलं. बोललेलं, गायलेलं टिकतं ते कुणीतरी वेळेत वाचता येईल अशा रूपात उतरवून ठेवलं म्हणून.

मालेगावचं उदाहरणही याच पट्ट्यातलं. व्हिडिओ पार्लर चालवणाऱ्या शेख नासिर यांनी ‘मालेगाव के शोले’ केला, त्या मंडळींवर फैझा अहमद खान यांनी २००८ मध्ये ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ हा माहितीपट केला, आणि २०२५ मध्ये रीमा कागती यांचा ‘सुपरबॉइज ऑफ मालेगाव’ हा चित्रपट आला. त्यांची गोष्ट आज जगभर पोचली आहे. पण अशा घरगुती साधनांवर बनलेल्या चित्रपटांच्या मूळ प्रती स्टुडिओच्या तिजोरीत नसतात; त्या कुणाच्या तरी दुकानात, कुणाच्या तरी माळ्यावर असतात. अहिराणी गाण्यांच्या व्हीसीडींचंही तेच.

फाइल उघडायची कशी?

सर्वात आधी सीडीतलं सगळं संगणकाच्या हार्ड डिस्कवर घ्या आणि पुढचं काम फक्त त्या प्रतीवर करा. कॉपी होतानाच अडकलं, तर दोष सीडीचा आहे, फॉरमॅटचा नाही. तो आजार वेगळा, त्यावर शेवटी येऊ. कॉपी पूर्ण झाली असेल तर ती व्हीएलसीमध्ये लावा. चाललं, तर फाइल जिवंत आहे आणि पुढचं काम फक्त भाषांतराचं आहे.

त्यानंतर मीडियाइन्फो नावाचं छोटं, मोफत सॉफ्टवेअर घ्या. फाइल त्यात टाकली की डबा कोणता, चित्राचा कोडेक कोणता, आवाजाचा कोणता, सगळं समोर येतं. खान्देशातल्या घरांत जे सापडतं ते फार वेगवेगळं नसतं. व्हीसीडीतली डॅट फाइल म्हणजे एमपीईजी-१, चित्र फक्त ३५२ बाय २८८ चं. डीव्हीडीतल्या व्हीओबी म्हणजे एमपीईजी-२. त्या एक-एक जीबीच्या तुकड्यांत तोडलेल्या असतात, म्हणून एकच तुकडा उचलू नका, अख्खं व्हिडिओ-टीएस फोल्डर घ्या. मिनी डीव्ही कॅसेटवरून उतरवलेली एव्हीआय म्हणजे डीव्ही, तासाला साधारण १३ जीबी. जुन्या नोकियाची थ्रीजीपी फाइल असेल तर चित्र एच.२६३ आणि आवाज एएमआर; एडिटिंगमध्ये चित्र येतं आणि आवाज गायब होतो, तो यामुळे.

फोटो स्टुडिओकडून हार्ड डिस्क मिळाली असेल तर एक वेगळीच गाठ पडते. आपल्याकडच्या मिक्सिंग लॅबमध्ये अनेक वर्षं एडियस चाललं. त्यात बनलेल्या काही एव्हीआय कॅनोपसच्या स्वतःच्या कोडेकमध्ये असतात. तो कोडेक नसलेल्या संगणकावर त्या काळ्या दिसतात किंवा येतच नाहीत. आणि एडियसची प्रोजेक्ट फाइल म्हणजे व्हिडिओ नव्हे, ती फक्त कुठे काय कापलं याची वही आहे. मूळ फुटेज नसेल तर त्या वहीचा उपयोग शून्य.

कोडेक कळला की फाइल नव्या लिपीत उतरवायची. नातेवाइकांना पाठवायला आणि मोबाइलवर एडिट करायला हँडब्रेक पुरेसं आहे. एमपी४, एच.२६४, फ्रेम रेट २५ आणि तो ‘कॉन्स्टंट’, क्वालिटी १८ ते २० च्या आसपास. डीइंटरलेस चालू ठेवा, नाहीतर हलणाऱ्या हाताभोवती कंगव्यासारख्या रेघा दिसतात. जुनं चित्र ४:३ चं असतं, ते मोबाइलच्या पडद्याइतकं ताणू नका. नवरदेव जाडा दिसतो आणि दोष कॅमेऱ्याला लागतो. व्हीसीडीचं चित्र फोर-के करून देतो म्हणणाऱ्यांकडून फार अपेक्षा ठेवू नका. नसलेले तपशील सॉफ्टवेअर अंदाजाने भरतं, आणि त्या अंदाजात आजीचा चेहरा तिसऱ्याच बाईचा होतो.

संगणकावर नीट एडिटिंग करायचं असेल तर शटर एन्कोडर घ्या आणि प्रोरेस किंवा डीएनएक्सएचआरमध्ये बदला. फाइल मोठी होते, पण कापाकापी करताना चित्र परत-परत दाबलं जात नाही. हँडब्रेक आणि शटर एन्कोडर, दोन्हींच्या पोटात एफएफएमपेग या मोफत प्रकल्पाचं काम आहे. २००० मध्ये सुरू झालेल्या या प्रकल्पाने बड्या कंपन्यांनी टाकून दिलेल्या असंख्य कोडेकांची वाचनविद्या सांभाळली आहे, कॅनोपसच्याही.

तीन गोष्टी मात्र टाळा. ‘कोडेक पॅक’ नावाची गाठोडी कुठूनही उतरवून घेऊ नका. त्यातून नको ते सॉफ्टवेअर शिरतं आणि असलेलं एडिटिंगही बिघडतं. घरच्या लग्नाची फाइल कुठल्याही ऑनलाइन कन्व्हर्टरवर चढवू नका, ती पुढे कुठे राहते ते तुम्हाला कुणी सांगणार नाही. आणि व्हॉट्सॲपवर पाठवलेली प्रत हीच मूळ प्रत समजू नका, तिथे व्हिडिओ पुन्हा दाबला जातो.

नवी फाइल तयार झाली तरी जुनी पुसू नका. उद्या याहून चांगलं रूपांतर करता येईल, पण ते मूळ प्रतीवरूनच. लग्नाचं काम घेणाऱ्या स्टुडिओंनीही एक रीत पाडायला हवी: एडिट केलेला व्हिडिओ एमपी४ मध्ये आणि कॅमेऱ्यातलं मूळ फुटेज वेगळ्या हार्ड डिस्कवर, दोन्ही यजमानाच्या हातात. ठरवतानाच तसं सांगितलं तर बहुतेक जण देतात. वर्ष उलटल्यावर मागितलं तर ‘पुसलं गेलं’ हे उत्तर मिळू शकतं, आणि त्यात त्यांची चूक काढता येत नाही.

आता खरोखर खराब झालेल्या सीडीचं. घरी राइट केलेल्या सीडीत डाय म्हणजे रंगाचा थर असतो, तो ऊन आणि उष्णतेने उतरतो. मे महिन्यात जळगावचा पारा ४५ च्या वर जातो, तेव्हा पत्र्याखालच्या माळ्यावर काय होत असेल याचा अंदाज करा. माळ्यावरच्या सीडी आधी उतरवा, कपाटातल्या नंतर. कॉपी अडकली तर दुसऱ्या ड्राइव्हमध्ये लावून बघा; एकाला न वाचता आलेली सीडी दुसरा वाचतो, असं बऱ्याचदा होतं. पुसायची असेल तर मऊ कपड्याने, मधून कडेकडे सरळ रेषेत. गोल घासू नका. टूथपेस्ट अजिबात नको. तरीही अडकत असेल तर डीडीरेस्क्यूसारखं सॉफ्टवेअर वाचता येईल तेवढा भाग आधी काढून घेतं आणि अडलेल्या जागी पुन्हा-पुन्हा प्रयत्न करतं. यात एका सीडीला कधी अख्खी रात्र लागते. मधली पाच मिनिटं गेली तरी बाकीची फाइल बहुधा उघडते.